भरीत सोडू नका, पळी मोजा : खान्देशी ताटावर बसूनच वजन उतरवण्याची रीत

चार माणसांच्या भरतासाठी सव्वा किलो वांगी आणली, तर भाजून, सोलून हाती साधारण किलोभर गर येतो. या किलोभर गरात कॅलरी किती? जेमतेम अडीचशे. म्हणजे माणशी साठ-पासष्ट, अर्ध्या भाकरीपेक्षाही कमी. आसोद्याचं असो की बामणोदचं, भरताच्या वांग्यानं आजवर कुणाचं पोट सुटलेलं नाही. पोट सुटतं ते त्यावर ओतलेल्या अर्ध्या-पाऊण वाटी तेलानं, मूठ-मूठ शेंगदाण्यांनी, आणि सगळ्यात जास्त शेजारी येऊन बसलेल्या सहा पुऱ्यांनी.

वजन कमी करायचं ठरलं की जळगाव-धुळ्याकडच्या घरांत पहिली गदा भरीत, शेवभाजी आणि वरण-बट्टीवर येते. त्यांच्या जागी ओट्स, उकडलेली ब्रोकोली, सॅलड असं परक्या घरचं ताट येतं. तीन आठवडे ते चालतं. चौथ्या आठवड्यात कुणाकडे तरी भरीत-पार्टी निघते आणि सगळं मुसळ केरात! म्हणून इथे उलट्या बाजूनं सुरुवात केली आहे. पदार्थ तेच ठेवायचे. बदलायचं ते तेल, जोडीला काय घ्यायचं ते, आणि हाताचा अंदाज.

हे स्वतःच्या मनानं कुणीकुणी सुरू करू नये, ते आधी सांगून टाकू. मधुमेहासाठी इन्सुलिन किंवा साखर उतरवणाऱ्या गोळ्या चालू असतील तर खाणं कमी केल्यावर साखर एकदम खाली जाऊ शकते, तेव्हा डोस डॉक्टरांकडून आधी ठरवून घ्या. मूत्रपिंडाचा आजार असेल तर प्रथिनांचं प्रमाणही त्यांनाच विचारा. गरोदर आणि अंगावर पाजणाऱ्या बायकांनी, तसंच अठरा वर्षांखालच्या मुलांनी हा हिशोब लावू नये.

आधी आकडा काढा

वजन कमी करायची गरज आहे का, हे आरशापेक्षा टेप चांगलं सांगतो. पोट आत न ओढता, श्वास सोडून, बेंबीच्या पातळीला कंबर मोजा. आपल्याकडच्या शरीरयष्टीसाठी पुरुषांना ९० सेंटिमीटर आणि बायकांना ८० सेंटिमीटर ही धोक्याची रेषा मानतात. बीएमआय, म्हणजे किलोतल्या वजनाला मीटरमधल्या उंचीच्या वर्गानं भागून आलेला आकडा, २३ च्या वर गेला की भारतीयांसाठी जादा वजन आणि २५ च्या वर गेला की लठ्ठपणा धरतात. पाश्चात्त्य तक्त्यांत हेच आकडे २५ आणि ३० असतात. मोबाइलवरचं ॲप ‘तुम्ही ठीक आहात’ म्हणत असेल, तर ते कुठल्या तक्त्यावरून म्हणतंय ते पाहा.

आता शरीर दिवसाला किती जाळतं ते काढू. किलोतल्या वजनाला १० नं गुणा, सेंटिमीटरमधल्या उंचीला ६.२५ नं गुणा, दोन्हींची बेरीज करा, त्यातून वयाची पाचपट वजा करा. पुरुष असाल तर ५ मिळवा, बाई असाल तर १६१ वजा करा. हा झाला पडून राहिल्यावरचा खर्च. दुकानात, ऑफिसात बसून काम असेल तर त्याला १.३ ते १.४ नं गुणा; दिवसभर शेतात राबणाऱ्यांनी १.६ च्या आसपास धरायला हरकत नाही.

चाळीस वर्षांची, ७५ किलो वजनाची, १५५ सेंटिमीटर उंचीची गृहिणी घ्या. ७५० अधिक ९६९, वजा २००, वजा १६१, म्हणजे साधारण १३५८. गुणिले १.४ केलं की १९०० च्या जवळपास. यातून रोज ४०० ते ५०० कमी केले की १४०० ते १५०० उरतात. एक किलो चरबी म्हणजे सुमारे ७७०० कॅलरी, त्यामुळे रोजच्या ५०० च्या तुटीनं आठवड्याला कागदावर अर्धा किलो उतरायला हवं. प्रत्यक्षात कधी पाऊण, कधी पाव, कधी शून्य. डॉक्टरांच्या देखरेखीशिवाय १२०० च्या खाली जाऊ नका.

पहिलं उद्दिष्ट वजनाच्या पाच टक्क्यांचं ठेवा. ७५ किलोवाल्यांना पावणेचार किलो. एवढ्यानंही साखर आणि रक्तदाबाच्या आकड्यांत फरक दिसू लागतो.

पहिला आठवडा : काहीही बदलू नका, फक्त मोजा

स्वयंपाकघरातला इलेक्ट्रॉनिक वजनकाटा आणा. आता त्यावर रिकामी वाटी ठेवून काटा शून्य करा आणि घरातली तेलाची पळी पाण्यानं भरून त्यात ओता. पाण्याचे जितके ग्रॅम, तितके मिलिलिटर. कुणाची पळी ३० निघते, कुणाची ५०. ‘एक पळी तेल’ हे माप दर घरी वेगळं असतं, आणि पाककृती वाचताना नेमकं तेच विसरलं जातं.

चहाचा चमचा ५ मिलि धरा, त्यात तेलाच्या ४० कॅलरी. मोठा चमचा १५ मिलि, त्यात १२०. तेल शेंगदाण्याचं, सोयाबीनचं, सूर्यफुलाचं की घाण्याचं, कॅलरी सारख्याच. घाण्याच्या तेलाची चव चांगली असते हे खरं. पण चवीपायी हात सैल सुटतो, हेही खरं.

मग डब्यावर तारीख टाका. ५ लिटरचा डबा ज्या दिवशी फोडला तो दिवस मार्करनं डब्यावरच लिहायचा. चौघांच्या घरात तो महिनाभरात संपला, तर माणशी रोजचं तेल ३८ ग्रॅम, म्हणजे ३४० कॅलरी. तोच डबा पन्नास दिवस पुरला, तर २३ ग्रॅम, २०० कॅलरी. एका माणसाचे रोजचे १३०-१४० वाचले आणि ताटातला एकही पदार्थ गेला नाही. बाहेरचं फरसाण, कचोरी, लग्नातलं जेवण यातलं तेल या हिशोबात येत नाही, ते निराळं.

भाकरीही मोजा, पण पिठाची, कच्ची. भाजलेल्या भाकरीत पाणी असतं, त्यामुळे तिचं वजन फसवं. ज्वारी, बाजरी, गहू यांत १०० ग्रॅम पिठाला ३४० ते ३६० कॅलरी, यातलं कुठलंही पीठ ‘वजन उतरवणारं’ नाही. खान्देशातल्या हातच्या भाकरीला सहज ८० ते १०० ग्रॅम पीठ लागतं. ‘दोनच भाकरी खातो’ म्हणणारा माणूस भाकरीतूनच सहाशे-सातशे कॅलरी घेत असतो. ६० ग्रॅमची भाकरी थापायला शिका; २०० कॅलरीचा हिशोब डोक्यात ठेवायला सोपा पडतो.

हा आठवडा वहीत लिहायचा. पहिल्या दोन दिवसांत लोक लाजून कमी खातात, म्हणून खरा आकडा तिसऱ्या दिवसापासून धरा.

दुसरा आठवडा : तेल, आणि भरताचं उदाहरण

भरीत नीट समजलं की बाकीचे पदार्थ समजतात, म्हणून ते जरा सावकाश पाहू.

नेहमीच्या पद्धतीत चौघांच्या भरताला १०० मिलि तेल जातं (८२० कॅलरी), ५० ग्रॅम शेंगदाणे (२८५), २५ ग्रॅम सुकं खोबरं (१६५), आणि वांगी २५०. माणशी झाले ३८०. सहा पुऱ्या म्हणजे वर आणखी सहाशे, कारण एका पुरीला वीस ग्रॅम पीठ आणि चार-पाच ग्रॅम शोषलेलं तेल धरलं तरी शंभर-एक होतात. ताट हजाराजवळ गेलं.

तेल नुसतं कमी केलं तर भरीत सपक लागतं, आणि इथेच लोक हार मानतात. भरतात तेलाचं काम काय आहे ते पाहा : मिरची-लसणाचा झणका सगळ्या गरात पसरवणं. ते काम धूर आणि ठेचा मिळून बऱ्यापैकी करतात. म्हणून असं करा.

वांगी हिरवी-पांढरट, मोठी, पण आकाराच्या मानानं हाताला हलकी लागणारी घ्या. जड वांग्यात बी जास्त. दोन-तीन ठिकाणी सुरीचं टोक खुपसा, नाहीतर भाजताना फुटतात. पऱ्हाट्या, म्हणजे कपाशीच्या वाळलेल्या काड्या मिळत असतील तर त्याच्यासारखी आच नाही. गॅसवर करायचं तर मंद आचेवर, वरचेवर फिरवत, देठाजवळचा भागही दाबला जाईपर्यंत भाजा. साल काळी झाली पण देठाशी टणक राहिलं, तर गर तुरट लागतो आणि तो तुरटपणा झाकायला मग तेल वाढतं. भाजलेली वांगी दहा मिनिटं झाकून ठेवा, साल सहज सुटते. सोलताना नळाखाली धरू नका! सगळा धूर पाण्याबरोबर वाहून जातो. हाताला चटका लागत असेल तर वाटीत पाणी घेऊन बोटं ओली करा, तेवढं पुरे.

हिरव्या मिरच्या आणि लसणाच्या पाकळ्या त्याच आचेवर किंवा तव्यावर कोरड्याच भाजा आणि मिठासोबत ठेचा. गर लाकडी भांड्यात घोटून घ्या; मिक्सरला लावला की चिकट लापशी होते. ३० ग्रॅम शेंगदाणे कोरडे भाजा, फोडणीत तळू नका. १० ग्रॅम खोबऱ्याचे पातळ काप. आता ३० मिलि तेल, म्हणजे दोन मोठे चमचे, कडक तापवा, जिरं, ठेचा, निम्मी कांद्याची पात त्यात परता, मग गर. शेंगदाणे, खोबरं आणि उरलेली पात कच्चीच वरून. कोथिंबीर हात राखून घालण्याचं कारण नाही.

आता हिशोब : तेल २४५, शेंगदाणे १७०, खोबरं ६५, वांगी २५०. माणशी १८० च्या आसपास. सोबत ६० ग्रॅम पिठाची कळण्याची भाकरी २००, एक ग्लास पातळ ताक, मुळा, कांदा. साडेचारशेच्या आत ताट. भरताचा वाढा मात्र आधीएवढाच, हवा तर जास्तच.

कळण्याबद्दल थोडं. ज्वारीत उडीद मिसळून, मीठ घालून दळलेलं हे पीठ. प्रमाण घरोघरी वेगळं, पण चार भाग ज्वारीला एक भाग उडीद हे बहुतेकांना जमतं. उडदामुळे प्रथिनं वाढतात, भाकरी पोटात टिकते. रक्तदाब असलेल्यांनी दळताना मीठ न टाकता पीठ आणावं, कारण दिवसभराचं मीठ ५ ग्रॅमच्या आत ठेवायचं तर पिठातलं मीठ, पापड, लोणचं, ठेचा मिळून ती मर्यादा दुपारीच ओलांडली जाते.

शेवभाजी, बट्टी, खिचडी, मटण

शेवभाजीत दोन चोर. एक तर्री, दुसरी खुद्द शेव. १०० ग्रॅम शेवेत साडेपाचशेच्या घरात कॅलरी असतात. रस्सा ताटात आला की शेव भिजून फुगते, कमी वाटते, आणि माणूस वरून आणखी मूठभर टाकतो. चौघांत पाव किलोचं पाकीट संपलं तर माणशी साठ ग्रॅमच्या वर गेले, साडेतीनशे कॅलरी नुसत्या शेवेच्या.

घरी करताना कांदा आणि सुकं खोबरं थेट आचेवर भाजा. काळ्या मसाल्याची चव त्या भाजण्यातूनच येते, तळण्यातून नाही. चौघांना तेल ३० मिलि, खोबरं २० ग्रॅम. वाटण कोरडं होऊन तळाला लागायला लागलं की तेल घालण्याऐवजी दोन चमचे गरम पाणी मारा, असं तीन-चार वेळा करा. वाटण परतलं जातं आणि शेवटी स्वतःचं थोडं तेल सोडतं. रस्सा गरम पाण्यानं वाढवा, गार पाण्यानं तर्री बसते. शेव मोजून माणशी २५ ग्रॅम, वेगळ्या वाटीत, खायच्या क्षणी. माणशी अडीचशेच्या थोडं वर जातं. तेल हात सोडून आणि शेव पाकीटभर असेल तर हाच आकडा सहाशे ओलांडतो. ढाब्यावर खायची झाली तर तर्री वाटीत वरून पळीनं काढून बाजूला ठेवा. थोडी राहू द्या, नाहीतर शेवभाजी खाल्ल्याचं समाधान नाही आणि घरी आल्यावर डबे उघडले जातात.

वरण-बट्टीचा घोळ तळण्यात आणि तुपात आहे. गव्हासोबत थोडा मका जाडसर दळलेला, ओवा, मोहन, हे सगळं ठेवा. बट्टी वाफवून घ्या, गार झाल्यावर फोडी करा (गरम असताना कापली तर चिकटते, कडा तुटतात) आणि तळण्याऐवजी आप्पेपात्रात किंवा जाड तव्यावर माणशी एक चमचा तेलात सगळ्या बाजूंनी खरपूस करा. ओव्हन किंवा एअर फ्रायर असेल तर २०० अंशांवर पंधरा-वीस मिनिटं. पीठ माणशी ७० ग्रॅम, वरणाची डाळ ५० ग्रॅम, तूप दोन छोटे चमचे मोजून, आणि घोटलेल्या वांग्याची भाजी किंवा गंगाफळ (लाल भोपळा) मनसोक्त. साधारण साडेसहाशे होतात. जड जेवण आहेच, दुपारी घ्या, रात्री हलकं ठेवा. तळलेली बट्टी आणि तुपाची धार असलेलं ताट हजारावर जातं, आणि ‘तूप विरघळलं की दिसत नाही’ ही त्यातली खरी गोम.

कुस्करून खायच्या प्रत्येक पदार्थात हीच फसगत आहे. काळ्या मटणाच्या रश्श्यात भाकरी चुरली की ती किती गेली हे खाणाऱ्याला कळत नाही. तेव्हा भाकऱ्या आधी ताटात मांडून घ्या, मग चुरा. परडीतून एकेक उचलू नका. मटणात माणशी दीडशे ग्रॅम कच्चं, चरबीचे तुकडे काढून. रस्सा फ्रिजमध्ये ठेवला की मटणाची चरबी वर गोठते, ती चमच्यानं निघते. फोडणीचं तेल गोठत नाही, ते पळीनंच काढावं लागतं.

रात्रीच्या खिचडीला तांदूळ-डाळ निम्मे-निम्मे करा आणि वरच्या कच्च्या तेलाची धार चमच्यानं मोजा. लसूण-मिरचीचं गरम तेल एक छोटा चमचा चवीला बास होतं. सोबत कढी. पापड भाजलेला. बिबडे, नागलीचे पापडही भाजता येतात. कुरडई तळल्याशिवाय फुलत नाही, ती महिन्यातून एखाद्या वेळची समजा.

आणि ज्याची किंमत खान्देशाबाहेर कुणाला नाही, असा एक पदार्थ : फुनके. भिजवलेली तुरीची डाळ भरड वाटून, कांदा, कोथिंबीर, मिरची घालून वाफवायची, कढीसोबत खायची. तेल जवळपास नाही, प्रथिनं भरपूर, पोट चार तास गप्प. डाएट करणाऱ्यानं आठवड्यातून दोनदा फुनके-कढी खावी. पीठ फार बारीक वाटू नका, दगड होतात. डाळ कमी भिजली तर मधे कच्ची राहतात. चार-पाच तास भिजवणं, पंधरा ते वीस मिनिटं वाफ.

तिसरा आठवडा : प्रथिनं

वजन उतरताना चरबीबरोबर स्नायूही जातात. ते वाचवायचे तर किलोमागे एक ग्रॅमच्या थोडं वर प्रथिनं हवीत, ७० किलोच्या माणसाला ७०-७५ ग्रॅम. शाकाहारी खान्देशी घरात ती कुठून येतात? तीन भाकऱ्या-पोळ्यांच्या १८० ग्रॅम पिठातून १८-१९, साठ ग्रॅम कच्च्या डाळीतून १३, चाळीस ग्रॅम मटकी किंवा चवळीच्या उसळीतून ९, तीनशे ग्रॅम दह्यातून १०, ग्लासभर दुधातून ६, वीस ग्रॅम शेंगदाण्यातून ५. झाले साठाच्या वर. उरलेली दोन अंडी, सोयाबीन वड्या किंवा पन्नास-साठ ग्रॅम पनीरमधून भरून काढा. नुसत्या वरणाच्या पाण्यानं हे होत नाही. वाटीभर पातळ वरणात डाळ वीस ग्रॅमही नसते.

डाळी-उसळी एकदम वाढवल्या की पोट फुगतं. आठवड्याआठवड्यानं थोड्या वाढवा, कडधान्याला मोड आणा, पाणी वाढवा. तेल कमी आणि पाणी कमी, असं झालं की बद्धकोष्ठ ठरलेलं.

केळी, चहा आणि बाकीचं किरकोळ

रावेर-यावलच्या पट्ट्यात राहून केळी बंद करणारे लोक आहेत, हा एक चमत्कारच! मध्यम केळ्यात शंभरच्या आसपास कॅलरी असतात. पोट भरतं, कॅरी बॅगेत येतं. वेफर्सची गोष्ट वेगळी. १०० ग्रॅम वेफर्समध्ये पाचशेच्या वर कॅलरी असतात, आणि ते पाकीट हातात घेऊन खाल्ले की तळ दिसेपर्यंत हात थांबत नाही. वाटीत २० ग्रॅम काढा, पाकिटाला रबर लावा, वरच्या फळीवर ठेवा. मुरमुऱ्यांच्या भत्त्यालाही हाच नियम : मुरमुरे, कांदा, कोथिंबीर, लिंबू हवे तितके, शेव आणि दाणे मोजून.

पाच कप चहात दोन-दोन चमचे साखर म्हणजे पन्नास ग्रॅम, दोनशे कॅलरी. दर आठवड्याला अर्धा चमचा कमी करा, जीभ ओरडत नाही. गूळ घातला म्हणून कॅलरी वाचत नाहीत, तो साखरेच्याच जवळचा. उन्हाळ्यात पारा ४५ ला टेकतो तेव्हा थंड पेयांची ३०० मिलिची बाटली सव्वाशेच्या वर कॅलरी देऊन जाते. त्याऐवजी ताक, लिंबूपाणी, बिनसाखरेचं पन्हं. चालणं सकाळी सातच्या आत उरका, आठवड्यात दीडशे मिनिटं पुरे, आणि दोन दिवस उठाबशा, भिंतीला हात लावून जोर असा काही जोर लागणारा व्यायाम.

उपवासाची साबुदाणा खिचडी हा उपवास नव्हे. साबुदाणा म्हणजे नुसता स्टार्च, त्यात दाण्याचा कूट आणि तूप. भगर आणि दाण्याची पातळ आमटी, काकडी, ताक, एखादं केळं, हे बरं.

आखाजी, कानबाई आणि लग्नं

सणाला डाएट लावून बसू नये. दिवसाचा नाही, आठवड्याचा हिशोब ठेवा : रोजचे १५०० म्हणजे आठवड्याचे १०५००. आखाजीला, म्हणजे अक्षय्य तृतीयेला, आमरस आणि खापरावरचे पुरणाचे मांडे आहेत, पाचशे जादा जाणार हे माहीत आहे, तर आधीचे दोन आणि नंतरचे दोन दिवस सव्वाशे-सव्वाशे कमी खा. एक भाकरी साठऐवजी चाळीसची आणि चहा बिनसाखरेचा, एवढ्यात ते निघतात. सकाळपासून उपाशी राहून पंगतीला बसू नका. पोटात आग पडलेला माणूस मांडे मोजत नाही.

मांडा अंगानं मोठा, एकात दोन-तीन साध्या पुरणपोळ्यांचा ऐवज. एक पूर्ण मांडा दोघांत घ्या, सोबत रशी (कटाची आमटी) भरपूर, तूप चमच्यानं. आमरसात १५० ग्रॅम गराला शंभरच्या आत कॅलरी असतात, साखर घातली नाही तर. चांगल्या पिकलेल्या आंब्याला तिची गरज नसते. रस किंवा मांडा, यातलं एक दुसऱ्यांदा घ्यायचं, दोन्ही नाही. सांजोऱ्या दुसऱ्या दिवशी चहाबरोबर एक.

श्रावणातल्या कानबाईच्या रोटांच्या दिवसांत आणि चंपाषष्ठीच्या भरीत-रोडग्याला हेच. आग्रह करणाऱ्या आत्याबाईंना ‘डाएट आहे’ सांगितलं की वाढा दुप्पट येतो. ‘आत्ताच घेतलं, ताक द्या’ म्हणा. ताक मागणाऱ्याला कुणी पुरण वाढत नाही.

काटा हलत नाही तेव्हा

रोज सकाळी शौचाला जाऊन आल्यावर, काही खाण्याआधी वजन करा आणि आठवड्याची सरासरी लिहा. काळ्या मटणाच्या किंवा पापड-लोणच्याच्या जेवणानंतर दुसऱ्या दिवशी किलो-दीड किलो वाढलेलं दिसतं, ते मिठानं धरलेलं पाणी. बायकांना पाळीच्या आधी तसंच होतं. दोन-तीन दिवसांत उतरतं, घाबरून जेवण तोडू नका.

तीन आठवडे सरासरी आणि कंबर दोन्ही हलली नाहीत, तर डब्यावरची तारीख बघा. दहातल्या आठ घरांत, आम्ही पैजेवर सांगू, तेलाची पळी परत सैल झालेली असते, किंवा शनिवार-रविवारी बाहेरचं वहीत चढलेलं नसतं. तेही नसेल तर आकडा नव्या वजनावर पुन्हा काढा. ७५ चं ६९ झालं की शरीराचा खर्च ऐंशी-नव्वद कॅलरींनी उतरतो. तेवढे कमी करा किंवा रोज वीस मिनिटं जास्त चाला.

उलट, आठवड्याला किलोपेक्षा जास्त वेगानं सारखं उतरत असेल तर ती खुशीची बातमी नाही. फार झपाट्यानं वजन गेलं की पित्ताशयात खडे होण्याचा धोका वाढतो, केस गळतात, थकवा येतो. भाकरी मोठी करा. न प्रयत्न करता वजन उतरत असेल तर वहीचा विषय सोडा आणि तपासण्या करून घ्या.

ठरवलेलं वजन आलं की एकदम जुन्या ताटावर जाऊ नका. दर आठवड्याला रोजचे शंभर कॅलरी वाढवत जा. आधी भाकरी, मग तूप. सरासरी दोन आठवडे जागची हलली नाही की तिथे थांबा. वही बंद केली तरी चालेल, पण वजनकाटा ओट्यावरच राहू द्या आणि नवा डबा फोडला की तारीख टाकत जा.